माझ्या व्याह्यांचं चर्च

शहाजहानने ताजमहाल बांधला, पण त्यालाही आपल्या इमारतीचं इतकं कौतुक नसेल जितकं माझ्या व्याह्यांना एका चर्चचं आहे. बरं, ते त्यांनी बांधलेलं नाही. ते ख्रिश्चन नाहीत. चर्च त्यांच्या गावात नाही की देशात नाही. स्पेनच्या उत्तरेला डोंगरात एक खेडं आहे, गायी जास्त आणि माणसं कमी, तिथं ते उभं आहे, आणि व्याह्यांनी ते शेवटचं पाहिलं त्याला चाळीसेक वर्षं होऊन गेली. पण सिंगापुरात, आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये बसून ते त्या चर्चबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ताच तिथली झाडलोट करून आला आणि हात धुऊन चहाला बसला.

मी त्यांना चीफ म्हणतो. ते जहाजावर चीफ इंजिनियर होते आणि मी ऑइलर, म्हणजे इंजिनरूममध्ये तेल घालणारा, पुसणारा आणि शिव्या खाणारा. आम्ही एका जहाजावर कधीच नव्हतो, नाहीतर ही सोयरीक झालीच नसती. मी चौथी शिकलेला, खाडीकाठचा माणूस. माझा मुलगा शिकला, मरीन इंजिनियर झाला, सिंगापुरात नोकरीला लागला आणि त्यानं चीफच्या मुलीशी लग्न ठरवलं. बैठकीला पुण्याला गेलो तर मी आपला उभाच. चीफसमोर बसायची पायांना सवय नव्हती. तेव्हा ते म्हणाले, "बसा हो अण्णा. तुम्ही मुलाकडचे. आजपासून उभं राहायचं ते मी." माणूस मला तिथंच आवडला. मग जेवणं झाली, विडे झाले, आणि त्यांनी चर्च काढलं. मुलाकडच्यांची शेवटची एसटी चुकली.

झालं होतं असं की त्यांचं जहाज एका स्पॅनिश बंदरात इंजिन मोडून पडलं. सुटा भाग यायला महिनेच्या महिने लागले. बाकीचे लोक बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात बसले. चीफ पीत नाहीत, म्हणून ते बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यावर उतरले तर समोर चर्च. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं. महाराजांच्या कितीतरी आधीचं. त्या बांधणीला रोमनेस्क म्हणतात, हा शब्द मला आता झोपेतही म्हणता येतो, त्या गावाचं नाव मात्र आजवर आलेलं नाही. भिंती हातभर नाहीत, वावभर जाड, म्हणजे दोन्ही हात पसरावे तेवढ्या. खिडक्या एवढ्याशा, किल्ल्याच्या जंग्यांसारख्या. कमानी अर्ध्या भाकरीसारख्या गोल. पूर्वेला गोल गाभारा आणि बाहेरून छपराखाली ओळीनं दगडी डोकी बसवलेली. साधुसंतांची नव्हेत हं, तर दात विचकणारा माणूस, पिंप उचलणारा माणूस, वाजंत्री, डुकरीण. "देवाच्या घराला डुकरीण कशाला?" मी विचारलं. चीफ म्हणाले, "अण्णा, ज्या गावानं दगड वाहिले ते गाव वर नको बसायला?"

चर्चची किल्ली समोरच्या घरातल्या एका म्हातारीकडे असायची. ही म्हातारी चीफच्या गोष्टीत चर्चइतकीच महत्त्वाची. हात पुसत यायची, कुलूप उघडायची आणि दारातच उभी राहून सगळा इतिहास स्पॅनिशमध्ये सांगायची. चीफना स्पॅनिश येत नव्हतं. "मग कळलं कसं हो तुम्हाला?" तर म्हणाले, "इंजिन कुठल्या भाषेत बोलतं? कळतं की नाही?" पुढे त्यांनी पुस्तकं मागवून वाचली तेव्हा म्हातारीचं बरंचसं खोटं निघालं. पुस्तक म्हणतं, जुना मनोरा वादळात पडला. म्हातारीनं हातवारे करून सांगितलं होतं की तो दोन भावांच्या भांडणात पडला आणि त्याच्या दगडांनी दोघांनी आपापले गोठे बांधले. भावकीत काय काय पडतं हे मला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे मी म्हातारीच्या बाजूचा. चीफसुद्धा.

ते कुठंही गेले तरी हे चर्च त्यांच्या आधी तिथं जाऊन उभं असतं. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनात उतरले की खांबांकडे बघून चुकचुकतात, "खांब आहेत, पण डोकी नाहीत." डोकी म्हणजे खांबाच्या वरचं कोरीवकाम. त्यांचे एक जुने मित्र वन-नॉर्थ भागात एका नव्या कोंडोत, म्हणजे श्रीमंती फ्लॅटात, राहतात. सगळ्या भिंती काचेच्या. मित्राच्या बायकोनं मोठ्या हौसेनं घर दाखवलं, आणि चीफ म्हणाले, "छान आहे. मासे कुठं आहेत?" त्या घरी पुन्हा बोलावणं आलं नाही. नोव्हेनाच्या इस्पितळात गुडघे दाखवायला नेलं तर डॉक्टरला म्हणाले, "तुम्ही गुडघ्याला आधार द्यायचं बोलताय, पण माझ्या चर्चची भिंत बघा, तिला बाहेरून आधार लागत नाही, तिची जाडी हाच आधार." डॉक्टर तामीळ होता. शांतपणे म्हणाला, "अंकल, तुमची जाडी हाच प्रॉब्लेम आहे."

आणि सांगायची पद्धत! दक्षिणेच्या दारानं आत शिरायचं, दुसऱ्या दारानं नाही. दारावरच्या कमानी, मग पाणी ठेवायची दगडी कुंडी, मग डावीकडे बघायचं, मग उजवीकडे. मध्येच कुणी "चहा घेणार का?" म्हणालं की चीफ चहा घेतात, कप खाली ठेवतात, आणि पुन्हा दक्षिणेच्या दारापासून सुरुवात. माझा मुलगा चर्च निघालं की ऑफिसचा फोन आला म्हणून गॅलरीत जातो. सून तर त्यांची मुलगीच, ती लहानपणापासून त्या दारातून इतक्यांदा आत गेलीय की आता बाहेरच थांबते. नात पंधरा वर्षांची. ती कानात बोंडं घालते आणि म्हणते, "आजोबा, ऑलरेडी हर्ड, लाह."

ऐकायची ती फक्त आमची ही. माझी बायको. शेंगा सोलत बसायची आणि ऐकायची, आणि मधूनच असा प्रश्न विचारायची की चीफची गाडी रुळावरून खाली. "तिथं दिवाबत्ती कोण करतं?" "पाऊस आत येतो का हो?" "एवढ्या जाड भिंती म्हणजे उन्हाळ्यात गार असणार. मग बायका दुपारच्या तिथंच बसत असतील." चीफ उभेच राहिले. "विहीणबाई," म्हणाले, "पुस्तकात कुणीही हे लिहिलेलं नाही. पण व्हरांड्यातल्या दगडी बाकाला चकाकी होती! बसून बसून आलेली!" तिनं मान हलवली, जणू ते बाक तिनंच पुसून ठेवलं होतं. मी आतून ओरडलो, "शेंगा संपल्या का? का स्पेनलाच जेवायचंय?" ती म्हणाली, "तुम्ही गप बसा, आम्ही देवळात आहोत."

फेब्रुवारीत ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, जायचं माणूस गेलं. अस्थी इथंच समुद्रात सोडल्या. जन्मभर समुद्रावर मी होतो आणि समुद्रात ती गेली.

आमच्या खोलीत दोन खाटा आहेत, मध्ये हातभर जागा. खिडकीकडची तिची. ती गेल्यावर मी त्या खाटेला कुणाला हात लावू दिला नाही. सून म्हणाली, "अण्णा, खाट काढूया का? तुम्हाला जरा मोकळं होईल." मी म्हटलं, "मला मोकळं नकोय." मुलगा म्हणाला, "अण्णा, निदान कपाट तरी तिकडे सरकवू." मी म्हटलं, "सरकवायचं असेल तर मला सरकव." मी तोंडाचा असाच आहे. त्यांनी विषय सोडला. पण ऑक्टोबर आला आणि विषय विमानात बसून घरी आला. चीफ दरवर्षी दिवाळीच्या आधी येतात आणि तुळशीच्या लग्नानंतर जातात. आमच्या खोलीत आम्ही दोघं म्हणून ते हॉलमध्ये गादी घालून झोपायचे. यंदा माझ्या खोलीत एक खाट रिकामी. सगळ्या घराला ते दिसत होतं. चीफनाही दिसत होतं. त्यांचे गुडघे गेलेले. मी कुणाकडे बघितलं नाही, कपाटावरची गादी काढली आणि हॉलमध्ये टाकली.

व्याह्याला जमिनीवर झोपवायचं! आमच्याकडे गावात असं कुणी केलं असतं तर तीन पिढ्या नाव निघालं असतं. सून स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होती. चीफ गादी थोपटून म्हणाले, "उत्तम. त्या चर्चमध्ये मी एकदा बाकावर झोपलो होतो, म्हातारीनं बाहेरून कुलूप घातलं होतं. त्यापेक्षा हे मऊ आहे." पुण्याच्या विहीणबाईंना, म्हणजे चीफच्या बायकोला, फोनवर कळलं तर त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. घरीसुद्धा मी त्यांना सोफ्यावर पाठवते. घोरतात." पण सकाळी मी पाहायचो. चीफ आधी सोफ्याला धरून, मग टीपॉयला धरून, मग देवाचं नाव धरून उठायचे. बघायचो आणि चहा करायला जायचो. खाट द्यावी असं एकदाही तोंडातून निघालं नाही.

आता किल्ल्याचं. नात लहान होती तेव्हापासून दिवाळीत आम्ही दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये किल्ला करायचो. चीफ बुरूज बांधायचे, मी तटबंदी, आणि आमची ही वर हळीव पेरायची. यंदा दुखवट्याची पहिली दिवाळी. मी सांगून टाकलं: कंदील नाही, किल्ला नाही, घरात फराळ करायचा नाही, कुणी आणून दिला तर खायचा. मला वाटलं नात हट्ट करील. ती म्हणाली, "ओके आजोबा, नो किल्ला, कॅन." हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चीफ मला म्हणाले, "अण्णा, तुमचं बरोबर आहे. यंदा किल्ला नकोच."

"नकोच."

"पण चर्चचं काय?"

"कसलं चर्च?"

"किल्ला म्हणजे उत्सव. चर्च म्हणजे काही उत्सव नव्हे. शिवाय त्याच्या चारी बाजूंना मेलेली माणसं पुरलेली असतात. जिथं कायमचाच दुखवटा आहे तिथं आपला दुखवटा कसा मोडेल?"

मी विचार करत राहिलो. कुठंतरी फसवणूक आहे हे कळत होतं, पण बोट ठेवता येईना. शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे हेच होतं. मी म्हटलं, "तुम्ही काय करायचं ते करा, मी हात लावणार नाही." चीफ म्हणाले, "हात मागतोय कोण? जीभ पण लावू नका म्हणजे झालं."

माती विकत आणावी लागली. सिंगापुरात माती पिशवीत मिळते, शिवून, तांदळासारखी. चीफनी ती नर्सरीवाल्याकडे बोटांनी चोळून पाहिली, वास घेतला, आणि मला वाटतं थोडी जिभेलाही लावली. नर्सरीवाला चिनी म्हातारा म्हणाला, "अंकल, फॉर प्लांट, नॉट फॉर ईट." मग प्लायवूडची लांबरुंद फळी आली, लिफ्टमध्ये तिरकी करून. मग भिंती उठायला लागल्या. मी दारात खुर्ची टाकून बसलो, हात लावायचा नाही म्हणून हाताची घडी घालून. भिंत बारीक झाली की म्हणायचो, "वावभर म्हणालात ना? ही तर कुडाची झाली." चीफ मुकाट्यानं आणखी माती थापायचे. कमान दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडायला आली तेव्हा मी खालून डबा धरला. डबा धरणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं आमचं दोघांचं ठरलं.

छपराखालची डोकी चीफनी कणकेची केली, मीठ घालून, आणि उन्हात वाळत ठेवली. पण ती स्पेनच्या लोकांची नव्हती. कानात बोंडं घातलेली नात होती. फोन धरलेला माझा मुलगा होता. कढई घेतलेली सून होती. गाल फुगवून, भुवया चढवून बसलेला एक म्हातारा होता. मी विचारलं, "हा कोण?" चीफ म्हणाले, "हा पिंपवाला." पिंप कुठं दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी साळुंक्यांनी चोची मारून नेमका तोच नेला. चीफ हळहळले, "सगळी सोडून अण्णांनाच कशा घेऊन गेल्या?" सून म्हणाली, "बाबा, साळुंक्यांना तिखट आवडतं." त्या दिवशी घरात बऱ्याच महिन्यांनी सगळे एकदम हसले. मीसुद्धा, पण तोंड फिरवून.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी आंटी राहतात. पिढ्यानपिढ्यांच्या कॅथलिक. दर रविवारी चर्चला जातात आणि येताना माझ्यासाठी बाजारातून केळी आणतात. त्या दोन दिवस येता-जाता बघत होत्या. तिसऱ्या दिवशी थांबल्या.

"अंकल, व्हेरी ब्यूटिफुल. बट नो क्रॉस. हाऊ कॅन?"

"मॅडम," चीफ मातीच्या हातांनी उभे राहत म्हणाले, "धिस चर्च हॅज नो क्रॉस ऑन टॉप. लायटनिंग."

"लायटनिंग, देन पुट बॅक, लाह! सो मेनी इयर्स!"

"व्हिलेज हॅज नो मनी."

"यू ऑल्सो नो मनी?"

चीफ हातावरची माती खरवडायला लागले. आंटी घरात गेल्या आणि आइस्क्रीमच्या दोन काड्या दोऱ्यानं बांधून घेऊन आल्या. चीफचा जीव वरखाली झाला, कारण इतिहासाच्या दृष्टीनं ते चूक होतं. पण आंटींनी काड्या स्वतःच्या हातानं छपरावरच्या घंटेच्या कमानीवर रोवल्या आणि दोन पावलं मागं सरून म्हणाल्या, "नाऊ गॉड कॅन फाइंड." आमच्या स्पॅनिश इतिहासकारांनी काड्यांच्या बुडाशी आणखी माती थापली.

चर्चच्या भोवतालचं काम सुरू झालं तेव्हा मी बाहेरच बसलेलो होतो. चीफनी ओढा केला, कपडे धुवायचा दगड केला, गायींसाठी नातीच्या जुन्या खेळण्यांचा डबा उपसला. गायी दोनच निघाल्या, म्हणून तिसरा डायनोसॉर ठेवला. चर्चच्या दाराशी एक झाड. तिथं तसं झाड असतं म्हणे, चर्चपेक्षाही म्हातारं, आणि त्याच्याखाली गाव सभा भरवतं. आणि झाडाभोवती कबरी. चीफ माशांच्या टाकीत घालतात तसले पांढरे खडे एकेक करून मांडत होते आणि बोलत होते. "तिथं मेलेल्या माणसाला गावाबाहेर नाही हो नेत. दाराशीच ठेवतात. किल्लीवाल्या म्हातारीचा नवरा ह्या झाडाखाली होता. कुलूप उघडायला येताना ती त्याच्यावर ओरडायची."

"ओरडायची? मेलेल्यावर?"

"रोज. काय म्हणायची ते कळायचं नाही, पण सूर ओळखीचा होता. आमच्या हिचाच सूर. मोजे कुठं टाकलेत, असला."

मी उठून आत गेलो. पाणी प्यालो. मग खोलीत जाऊन खिडकीकडच्या खाटेसमोर जरा उभा राहिलो. ओरडायला काही सुचलं नाही. इतकी वर्षं ओरडायचं काम तिचं होतं.

वसुबारसेच्या दुपारी आमच्या वसाहतीच्या इस्टेट ऑफिसचा माणूस आला. तरुण मलाय पोरगा, सभ्य. त्यानं चर्चकडे बघितलं, फोटो काढला, पुन्हा बघितलं, आणि म्हणाला, "अंकल, सो नाइस. बट कॉरिडॉर मस्ट क्लिअर. फायर सेफ्टी." इतकी वर्षं आमचा किल्ला भिंतीला चिकटून एवढासा असायचा. चर्च मात्र वाट अडवून बसलं होतं. स्ट्रेचर जाणार नाही, तो म्हणाला. चूक आमचीच होती. चीफनी मान डोलावली. "टुडे, अंकल, सॉरी हं," म्हणून पोरगा गेला. तेवढ्यात आभाळ काळं झालं. इथला वारा सुटला की पाऊस आडवा होऊन थेट कॉरिडॉरमध्ये शिरतो. पश्चिमेकडच्या ब्लॉकच्या मागे तो आलेला दिसत होता.

फळी आत न्यायची होती. पण कुठं? हॉलमध्ये सोफा, जेवणाचं टेबल, आणि कोपऱ्यात चीफची गादी. टेबलावर मावेना. जमिनीवर ठेवली तर घरात पाय ठेवायला जागा नाही. मुलाच्या खोलीत पलंग भिंतीपासून भिंतीपर्यंत. ती फळी सबंध घरात एकाच ठिकाणी बसत होती, आणि ते ठिकाण कुठलं हे सगळ्यांना माहीत होतं. सून लादीकडे बघत होती. नातीनं कानातली बोंडं काढली होती. पावसाचे पहिले थेंब घंटेच्या कमानीवर पडले आणि मातीला भोकं पडली.

चीफ माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. त्यांनी थापी उचलली आणि अगदी सहज म्हणाले, "चला, मोडून टाकू. पाडायच्याच असतात हो इमारती. म्हातारीचा मनोरा नाही का पडला?" आणि थापी छपरावर धरली.

चाळीस वर्षं ज्या चर्चचा एक दगड कुणी इकडचा तिकडे सांगितला तर हा माणूस जेवण सोडून भांडायचा, तो ते स्वतःच्या हातानं मोडायला तयार झाला, पण माझी खाट मागायला तयार नव्हता. इतके दिवस तो जमिनीवरून देवाचं नाव धरून उठत होता, तेव्हाही त्यानं मागितली नव्हती.

"चीफ," मी म्हटलं, "हात लावलात तर याद राखा. उचला फळी."

"अण्णा, पण..."

"पण गेलं खड्ड्यात. भिजतंय ते. तुम्ही पुढं धरा, मी मागं धरतो. ए पोरी, खोलीचं दार उघड. खिडकीकडच्या खाटेवर."

जहाजावर असताना चीफनी सांगायचं आणि ऑइलरनं करायचं. त्या दिवशी उलट झालं. "डावीकडे घ्या. अहो डावीकडे, दक्षिणेचं दार घासेल!" मी ओरडत होतो आणि चीफ "घेतो, घेतो" म्हणत होते. दाराच्या चौकटीला डायनोसॉर अडकून पडला, बाकी सगळं आत गेलं. खाटेवर फळी अशी बसली की जणू माप घेऊन केली होती. बाहेर पाऊस कोसळायला लागला. आम्ही दोघं माझ्या खाटेवर शेजारी बसलो, धापा टाकत, कोपरापर्यंत मातीनं माखलेले.

नरकचतुर्दशीला समोरच्या आंटी पायनॅपल टार्ट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओह, चर्च शिफ्टेड!" महाराष्ट्र मंडळातल्या बायका फराळाचे डबे घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी शांत बसायचं म्हणून आल्या होत्या, पण खाटेवर चर्च बघून त्यांना काय करावं कळेना. एकीनं सवयीनं नमस्कार केला. चीफनी त्यांना दक्षिणेच्या दारानं आत नेलं. कंदील लावला नाही, माझा शब्द होता. पण नातीनं चर्चच्या आत एक पणती ठेवली आणि त्या एवढ्याशा खिडक्यांतून उजेड आला. तिला कुणी रागावलं नाही.

फराळवाले गेल्यावर खोलीत चीफ आणि मी. मी डब्यातून एक पांढरा खडा काढला आणि झाडाखाली ठेवला, इतर खड्यांच्या जरा पुढं. चीफनी बघितलं. ते बोलतील, इतिहास सांगतील, अशी मला भीती वाटत होती. त्यांनी फक्त वाकून तो खडा दोन बोटं सरकवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथं सावली होती," ते म्हणाले. "डोंगरात गारठा फार. विहीणबाईंना दक्षिणेचं ऊन बरं."

तुळशीचं लग्न झाल्यावर चर्च मोडलं. मोडायचं काम मी केलं, कारण चीफ म्हणाले त्यांना ते जमणार नाही. माती कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत गेली, आइस्क्रीमच्या काड्या आंटी घेऊन गेल्या. मी खाट पुसली, सुनेकडून धुतलेली चादर मागून घेतली आणि घातली. दुपारचं जेवण झाल्यावर चीफ गादी घालायला हॉलकडे निघाले तेव्हा म्हटलं, "तिकडे कुठं निघालात? मोजे काढा आणि इथं पडा." त्यांनी मोजे काढले, नीट घडी करून उशाशी ठेवले, आणि आडवे झाले. जरा वेळानं घोरायला लागले. पुण्याच्या विहीणबाई खोटं बोलत नव्हत्या. सबंध जहाजाचं इंजिन खोलीत चालू झाल्यासारखं वाटत होतं. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. फेब्रुवारीपासून मला दुपारची झोप लागत नव्हती. त्या दिवशी सुनेनं चहाला उठवलं.

पंधरवड्यानं ते पुण्याला गेले. विमानतळावर जाताना टॅक्सीवाल्याला दक्षिणेच्या दारापर्यंत आणलं होतं, तेवढ्यात विमानतळ आला. आता खाट पुन्हा रिकामी आहे. सून काढूया म्हणत नाही. मीही कुणाला हात लावू नका म्हणत नाही. नात तिच्यावर बसून अभ्यास करते, पुस्तकं पसरते, मी ओरडतो. कधी दुपारी मी कुशीवर वळून तिकडे बघतो. पूर्वी ती खाट एका माणसाची वाट बघायची, जे येणार नव्हतं. आता दोघांची बघते, आणि त्यातल्या एकाला निदान विमानाचं तिकीट तरी मिळतं.